गांधी नावाचे खटले: आडनाव एक, माणसं कितीतरी

एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. घटनेच्या पेपरची तयारी करताना तिला इंदिरा गांधी, मेनका गांधी, रतिलाल गांधी, आर. गांधी असे खटले एकामागोमाग लागले. शिवाय महात्माजींवर चाललेले खटले आहेत आणि त्यांच्या खुनाचा खटलाही आहे. हे सगळे एकाच घराण्यातले का, आणि कुणी नुसतं 'गांधी खटला' म्हटलं तर त्यातला कोणता समजायचा, असं ती विचारते.

आधी सरळ उत्तर देतो. एकाच घराण्यातले नाहीत. महात्माजी पोरबंदरच्या मोढ वाणी कुटुंबातले. इंदिरा, संजय, राजीव, मेनका यांच्याकडे हे आडनाव फिरोज गांधींकडून आलं. फिरोज पारशी, जन्म मुंबईतला, आणि महात्माजींशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं. रतिलाल पानाचंद गांधी जैन होते आणि या दोन्ही घराण्यांहून वेगळे. आर. गांधी यांच्या बाबतीत तर 'गांधी' हे आडनावच नाही, त्याबद्दल पुढे सांगतो. म्हणून नुसत्या 'गांधी खटला' या शब्दांवर विसंबू नका. माझी तीस वर्षं दिवाणी कोर्टात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेली आहेत. अपुऱ्या नावामुळे भलताच निकाल हातात आलेला मी अनेकदा पाहिला आहे.

हे आडनाव धंद्यावरून आलं आहे. संस्कृतात सुगंधी द्रव्यं विकणारा तो गांधिक. गुजरातीत गांधी म्हणजे किराणा, मसाले, औषधी, अत्तरं विकणारा दुकानदार. आपले पूर्वज मूळचे किराणा दुकानदार असावेत, असं महात्माजींनीही लिहून ठेवलं आहे. धंदा कुणा एका जातीच्या मालकीचा नसतो, म्हणून हे आडनाव वैष्णव वाण्यांत आहे, जैनांत आहे आणि पारशांतही आहे. आपल्याकडे सोलापूर, फलटण या भागांत जैन गांधी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहतात. दोन कुलकर्णी भेटले की ते भाऊबंद असतील असं आपण धरून चालत नाही, कारण कुलकर्णीपण गावागावांत होतं. गांधींचंही तसंच समजा.

आता महात्माजींपासून सुरुवात करू. १९२२ चा अहमदाबादचा राजद्रोहाचा खटला सर्वांना माहीत असतो. त्याआधीचा, १९२० चा मुंबई उच्च न्यायालयातला न्यायालयाच्या अवमानाचा खटला मात्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटतो, आणि वकिलीत येणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर अहमदाबादच्या काही वकिलांनी सह्या केल्या होत्या. तिथल्या जिल्हा न्यायाधीशांनी त्याबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. ते पत्र गांधीजींच्या हाती आलं आणि ऑगस्ट १९१९ मध्ये त्यांनी ते 'यंग इंडिया'त टिप्पणीसह छापलं. ते संपादक, महादेवभाई देसाई प्रकाशक. माफी मागा, असं उच्च न्यायालयाने कळवलं. पत्रकार म्हणून आपण कर्तव्य केलं आहे आणि मनापासून वाटत नसताना माफी मागणं हे असत्य होईल, अशी भूमिका त्यांनी घेतली. मार्च १९२० मध्ये न्यायमूर्ती मार्टेन, हेवर्ड आणि काजीजी यांनी दोघांना दोषी धरलं, पण शिक्षा म्हणून कडक समज देऊन सोडून दिलं. न्यायप्रविष्ट प्रकरणातला कागद वर्तमानपत्राने छापावा का, हा वाद आजही तितकाच ताजा आहे.

१९२२ चा खटला १८ मार्चला अहमदाबादच्या सर्किट हाऊसमध्ये चालला. भारतीय दंड विधानाचं कलम १२४अ, 'यंग इंडिया'तले तीन लेख, आरोपी गांधीजी आणि शंकरलाल बँकर, न्यायाधीश रॉबर्ट ब्रूमफिल्ड. गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. ब्रूमफिल्ड यांनी शिक्षा ठरवताना १९०८ च्या टिळकांच्या खटल्याचा आधार घेतला आणि तितकीच, सहा वर्षांची साधी कैद दिली. महाराष्ट्राच्या दृष्टीने यात जवळचा धागा आहे, कारण ही कैद येरवड्यात भोगायची होती. जानेवारी १९२४ मध्ये तिथेच त्यांना आंत्रपुच्छाचा (अपेंडिक्सचा) त्रास झाला, पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली आणि फेब्रुवारीत सरकारने त्यांना सोडलं. या शिक्षेमुळे लंडनच्या इनर टेंपलने १९२२ मध्ये बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. ते पुन्हा यादीत घेतलं गेलं १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. वकील म्हणून ही तारीख माझ्या मनाला फार लागते.

'गांधी खून खटला' मात्र या नावाने कुठल्याच दप्तरात सापडणार नाही. सरकार फिर्यादी आणि नथुराम विनायक गोडसे व इतर आरोपी, असं त्याचं शीर्षक आहे. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल दिला. नथुराम आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. अपील सिमल्याला पंजाबच्या उच्च न्यायालयासमोर चाललं आणि तिथे दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या यांची सुटका झाली. फौजदारी खटल्यात मृत व्यक्ती पक्षकार नसते. तिच्या वतीने राज्य उभं राहतं. त्यामुळे लोकांच्या तोंडी मृताचं नाव राहतं आणि कागदावर आरोपीचं. राजीव गांधींच्या हत्येचंही तेच झालं. सर्वोच्च न्यायालयाचा मे १९९९ चा निकाल वाचायचा असेल तर 'राज्य विरुद्ध नलिनी' असा शोधावा लागतो.

फिरोज गांधींच्या नावाचा मोठा खटला अभ्यासक्रमात नाही, पण त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. संसदेत झालेल्या भाषणाचा वृत्तांत छापणाऱ्याला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा त्यांच्या खासगी विधेयकातून आला. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा आला. १९५७ च्या डिसेंबरात त्यांनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याचं प्रकरण बाहेर काढलं. चौकशी न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, ते तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. छागलांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इंदिराजींच्या खटल्याबाबत विद्यार्थी नावाच्या क्रमात गडबडतात. १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीला राज नारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तेव्हा पहिलं नाव त्यांचं होतं. १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निवडणूक रद्द ठरवली. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना त्यांची मदत घेतली आणि सभेची व्यासपीठं उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांकडून उभारून घेतली, हे दोन मुद्दे सिद्ध धरले गेले. मग इंदिराजी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि शीर्षक उलटलं: 'इंदिरा नेहरू गांधी विरुद्ध राज नारायण'. अपील जो करतो त्याचं नाव पुढे येतं, एवढंच त्यामागचं कारण. दरम्यान आणीबाणी लागली, ३९ वी घटनादुरुस्ती झाली आणि पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली गेली. ७ नोव्हेंबर १९७५ ला पाच न्यायमूर्तींनी त्या दुरुस्तीचं चौथं उपकलम घटनाबाह्य ठरवलं, पण निवडणूक कायद्यातले बदल ग्राह्य धरून इंदिराजींची निवड कायम ठेवली. केशवानंद भारती खटल्यातलं मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे संसदेला घटना दुरुस्त करता येते पण तिचा गाभा मोडता येत नाही हे तत्त्व, घटनादुरुस्ती रद्द करण्यासाठी पहिल्यांदा वापरलं गेलं ते इथे. म्हणजे हा खटला पक्षकार म्हणून इंदिराजी जिंकल्या आणि तत्त्व म्हणून घटना जिंकली. परीक्षेत या दोन्ही गोष्टी लिहा.

पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड या पीठावर होते. मेनका गांधींच्या सात न्यायमूर्तींच्या पीठावरही ते होते.

मेनका गांधींचा खटला एका पत्रातून सुरू झाला. २ जुलै १९७७ चं पत्र: 'सार्वजनिक हितासाठी' तुमचं पारपत्र (पासपोर्ट) जप्त करण्याचं ठरलं आहे, सात दिवसांत जमा करा. त्यांनी कारण विचारलं. कारण देणं सार्वजनिक हिताचं नाही, असं उत्तर आलं. सरकार बदललं होतं आणि कालपर्यंत सत्तेच्या घरातली असलेली व्यक्ती आता दाद मागत होती. न्यायालयाने ती कोण हे न पाहता तिच्या हक्काकडे पाहिलं. २५ जानेवारी १९७८ चा तो निकाल. १९५० च्या ए. के. गोपालन खटल्यापासून असं मानलं जात होतं की संसदेने कायद्यात काही एक पद्धत लिहून दिली की जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या कलम २१ ची अट पुरी झाली. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलं की ती पद्धत न्याय्य, वाजवी आणि रास्तही असली पाहिजे, आणि कलम १४ (समानता), १९ (स्वातंत्र्यं) आणि २१ ही एकमेकांत गुंतलेली आहेत. ॲटर्नी जनरल एस. व्ही. गुप्ते यांनी सरकार बाजू ऐकून घेईल असं आश्वासन दिलं, म्हणून न्यायालयाने वेगळा औपचारिक आदेश काढला नाही. पारपत्र परत द्या असा हुकूम त्या निकालपत्रात नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते चकित होतात. पुढे मात्र त्याच निकालाच्या आधाराने किती माणसांना दार उघडलं! त्याच वर्षी एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात गरीब कैद्याला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क मान्य झाला. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला.

आता नावाची दोन टोकं. 'युनियन ऑफ इंडिया विरुद्ध आर. गांधी' हा मे २०१० चा घटनापीठाचा निकाल आहे. कंपनी कायदा न्यायाधिकरणात न्यायाधीशांइतकी पात्रता नसलेले अधिकारी किती आणि कसे बसवायचे, हा त्यातला प्रश्न. अपीलात समोर होते मद्रास बार असोसिएशनचे अध्यक्ष. तमिळ रीतीप्रमाणे 'आर.' हे आद्याक्षर आणि 'गांधी' हे त्यांचं स्वतःचं नाव. म्हणजे शीर्षकात गांधी आहे, पण आडनाव नाही. दुसऱ्या टोकाला 'देविदास रामचंद्र तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा मे २०१५ चा निकाल. शीर्षकात गांधी कुठेच नाही, पण सगळा वाद गांधींवरच. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही मराठी कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीचं नाव प्रतीक म्हणून वापरताना समकालीन समाजाच्या निकषाची कसोटी अधिक कसून लावली जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. माफी मागितलेल्या प्रकाशकाला सोडलं, कवीवरचा खटला चालू ठेवला. माझ्या मते हे तत्त्व धोक्याचं आहे. कायद्यात थोर माणसांसाठी वेगळी पट्टी आली की कवीचा हात थबकतो. निकाल मात्र लागू आहे, आणि मराठी वाचकाने तो मूळातून वाचायला हवा.

आडनाव हा कायद्यापुढे 'गट' ठरतो का, हाही तिच्या प्रश्नाला लागून असलेला मुद्दा आहे. बदनामीच्या कायद्यात व्यक्तींच्या समूहाचीही बदनामी होऊ शकते, पण तो समूह ओळखता येण्याजोगा हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने साहिब सिंग मेहरा (१९६५) आणि जी. नरसिंहन (१९७२) या खटल्यांत स्पष्ट केलं आहे. राहुल गांधींवरच्या सुरतच्या खटल्यात हाच वाद 'मोदी' या आडनावावरून उभा राहिला. मार्च २०२३ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली आणि खासदारकी गेली. ४ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. त्याचं कारण वेगळं होतं: कमाल शिक्षा का दिली, याचं कारण खालच्या न्यायालयाने दिलं नव्हतं.

आता रतिलाल पानाचंद गांधी. मुद्दाम शेवटी ठेवले, कारण या सगळ्यांत माझ्या रोजच्या कामाला लागणारा गांधी हाच.

मुंबई राज्याने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला. आज आपण त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतो. गावचं देऊळ, शाळा चालवणारी संस्था, अन्नछत्र, सगळे याच कायद्याखाली नोंदलेले असतात. पीटीआरचा (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा) उतारा, विश्वस्त वगैरे बदलल्याचा चेंज रिपोर्ट, हिशेबपत्रकं हे सगळं त्यातूनच येतं. कायदा झाला तेव्हा धर्मादाय आयुक्ताला बरेच अधिकार दिले गेले. न्यायालय त्यालाच एखाद्या न्यासाचा (ट्रस्टचा) विश्वस्त नेमू शकत होतं. मूळ हेतू 'सार्वजनिक हिताचा' वाटला नाही तर देवाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येत होता. शिवाय न्यासाच्या उत्पन्नातून प्रशासन निधीसाठी वर्गणी घेतली जाणार होती. एका जैन सार्वजनिक मंदिराचे व्यवस्थापक असलेले रतिलाल या कायद्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्तही स्वतंत्रपणे गेले. १९५२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आव्हान फेटाळलं. मुख्य न्यायमूर्ती होते तेच छागला. त्यांनी धर्माचा अर्थ बराच अरुंद लावला होता.

मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अपिलं एकत्र निकाली काढली. निकालपत्र न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांचं. धर्म म्हणजे फक्त मनातली श्रद्धा नव्हे, श्रद्धेपोटी केले जाणारे विधी आणि आचारही धर्मच, असं त्यांनी मांडलं. सरकारी अधिकाऱ्याला देवळाचा सेवाधिकारी किंवा मठाचा प्रमुख करणं हा घटनेने दिलेल्या हमीचा उघड भंग होईल, म्हणून धार्मिक न्यासांपुरती ती तरतूद रद्द. देवासाठी दिलेला पैसा, तो हेतू अजून पार पडू शकत असताना, केवळ दुसरं काम जास्त उपयोगी वाटतं म्हणून वळवता येणार नाही. वर्गणी मात्र ग्राह्य, कारण ती कर नसून देखरेखीच्या सेवेचं शुल्क आहे. सगळा कायदा पाडावा असं वाटत असलेल्यांची निराशा झाली असेल, पण कुठे सरकारचा हात चालतो आणि कुठे थांबतो, याची रेघ त्या निकालाने आखून दिली. आजच्या कलम ५५ मध्ये धार्मिक प्रयोजनाचा न्यास वगळणारे शब्द दिसतात, त्यांचा उगम इथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाचं प्रकरण माझ्याकडे होतं. विश्वस्तांचे दोन गट. एका गटाचं म्हणणं, नंदादीप आणि यात्रेसाठी ठेवलेल्या रकमेतून गावचा रस्ता काँक्रीटचा करावा, लोकांना तो जास्त उपयोगी पडेल. नंदादीप बंद पडला नव्हता, यात्राही दरवर्षी भरत होती. युक्तिवादाच्या आदल्या संध्याकाळी मी ज्युनिअरला फोनवर म्हटलं, 'गांधींचा निकाल काढून ठेव.' सकाळी टेबलावर मेनका गांधींच्या निकालाची छापील प्रत होती, नीट पिवळे फ्लॅग लावलेली. चूक त्याची नव्हती, माझीच होती. पूर्ण नाव मीच सांगितलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये उभं राहून आम्ही मोबाइलवर रतिलाल शोधला आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लागतील तेवढी पानं काढून घेतली. कागद अजून गरम होते तेव्हा आमचा पुकारा झाला.

म्हणून तुम्हाला सांगतो, वहीत लिहिताना पक्षकाराचं पूर्ण नाव, विरुद्ध कोण, वर्ष आणि ती व्यक्ती कुठल्या नात्याने कोर्टात आली हे चारही लिहा: निवडणूक जिंकलेली उमेदवार, पारपत्रधारक, बार असोसिएशनचा अध्यक्ष, मंदिराचा व्यवस्थापक. पहिल्या पानावरचं शीर्षक आणि त्याखालचा पहिला परिच्छेद, हेडनोट (वर छापलेला सारांश) सोडून, एवढं वाचलं तरी हे चारही तिथेच मिळतात.

त्या दिवशी सुनावणी संपल्यावर आमच्या बाजूचे एक वयस्कर विश्वस्त, धोतर-टोपीतले, मला बाजूला घेऊन म्हणाले, 'वकीलसाहेब, हे रतिलाल कोण? आपल्या देवासाठी भांडले का?' मी म्हटलं, त्यांच्या देवासाठी भांडले, जैन होते. त्यांनी झेरॉक्सचं पहिलं पान मागून घेतलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.